हवेची टाकी, पाण्याची टाकी

जोगेश्वरीत सीएनजी पंपावर रिक्षांची रांग लागलेली असते आणि मधूनच एखादी रिक्षा गॅस न भरता बाहेर काढावी लागते. पंपावरचा माणूस आधी सिलिंडरची पाटी बघतो. हायड्रो टेस्टची मुदत संपलेली असेल, तर नोझल लावत नाही. "मामा, आजच्या दिवस भरा, उद्या करून आणतो," अशी विनवणी होते, मग आवाज चढतात, मागचे हॉर्न वाजवू लागतात. एका दिवसाचा धंदा बुडणार म्हणून चालकाची चिडचिड होते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण पंपावरच्या माणसाचा हट्ट त्याहून जास्त समजण्यासारखा आहे. रिक्षातल्या पोलादी नळकांड्यात २०० बारच्या आसपास दाबाचा वायू भरला जातो. प्रवासी आणि ते नळकांडे यांच्यामध्ये एक सीट आणि थोडा पत्रा, एवढेच अंतर असते.

ही चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. सध्या ती गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली होते आणि त्या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. चाचणी केंद्रात सिलिंडर गाडीतून उतरवतात, उरलेला वायू काढतात, व्हॉल्व्ह खोलतात. आत दिवा सोडून गंज आणि खड्डे बघतात. मग नळकांडे काठोकाठ पाण्याने भरून दुसऱ्या एका पाणी भरलेल्या जाड पिंपात उतरवतात आणि पिंपाचे झाकण बंद करतात. आतल्या सिलिंडरमध्ये पंपाने दाब चढवत ३०० बारपर्यंत किंवा त्याच्याही पुढे नेला जातो. दाबाने सिलिंडर किंचित फुगतो आणि जेवढा फुगतो तेवढे पाणी बाहेरच्या पिंपातून एका बारीक काचनळीत चढते. दाब सोडला की पाणी परत खाली येते. पुरते खाली आले नाही, तर पोलाद कायमचे ताणले गेले, असा त्याचा अर्थ. हा कायमचा ताण एकूण फुगवट्याच्या दहा टक्क्यांहून जास्त निघाला, तर सिलिंडर बाद. बाद सिलिंडर परत कुणी वापरू नये म्हणून तो चेपून किंवा कापून टाकायचा असतो.

या सगळ्या खटाटोपातली खरी हुशारी बाहेरच्या पिंपात आहे. मोजमापाचे भांडे तेच आणि संरक्षक भिंतही तीच. चाचणी करणारा कामगार उघड्या सिलिंडरशेजारी उभाच राहत नाही.

पाणीच का, हा पुढचा प्रश्न. हवा फुकट असते, कॉम्प्रेसर जागेवर असतो, हवेने भांडे ओले होत नाही, गंजत नाही. जोगेश्वरीच्या औद्योगिक वसाहतींमधल्या गाळ्यांत हा विचार रोज होत असतो. ओशिवऱ्यापासून पूर्वेला द्रुतगती मार्गापर्यंत पसरलेल्या या गाळ्यांत कुणी व्हॉल्व्ह बनवतो, कुणी छोट्या टाक्या, कुणी पाइपांचे जोड. कित्येक गाळे वरच्या मजल्यावर असतात. हजार लिटरची टाकी पाण्याने भरायची म्हणजे स्लॅबवर एक टनाचे ओझे, आणि चाचणी झाल्यावर ते पाणी सोडायचे कुठे? खालच्या गाळेवाल्याच्या छतातून ठिबकले की भांडण ठरलेले. त्यामुळे कॉम्प्रेसरची नळी जोडायची, साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडे बघायचे, हा सोपा मार्ग वाटतो.

हिशोब मात्र वेगळे सांगतो. तीनशे लिटरची एक साधी टाकी घ्या आणि तिच्यात १५ किलोचा दाब द्या. (गाळ्यात दाब 'किलो'त बोलतात; दर चौरस सेंटीमीटरला इतके किलो, असा त्याचा अर्थ, आणि एक किलो म्हणजे जवळपास एक बार.) ही टाकी हवेने भरलेली असेल आणि फुटली, तर मोकळी होणारी ऊर्जा साधारण चारशे किलोची रिक्षा दीडशे मीटरहून उंच फेकायला पुरेल. तीच टाकी त्याच दाबाला पाण्याने भरलेली असेल, तर पाण्यात साठलेली ऊर्जा तीच रिक्षा चार सेंटीमीटरही उचलणार नाही. गेजवरचा आकडा दोन्ही वेळा एकच. पाणी दाबले जवळपास जातच नाही, म्हणून त्यात ऊर्जा साठत नाही. भांड्याला चीर पडली की थोडे पाणी उडते आणि दाब खलास होतो. हवा आकसून बसलेली असते. तिला वाट मिळाली की ती मूळ आकारावर येईपर्यंत थांबत नाही आणि वाटेत येणारा पत्रा, बोल्ट, माणूस सोबत घेऊन जाते.

रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची टाकीही याच जातीची. दाबलेल्या हवेतले बाष्प थंड होऊन तिच्या तळाशी पाणी साचते आणि पत्रा आतून गंजत जातो. टाकीच्या पोटाला एक छोटा ड्रेन कॉक असतो, तो रोज उघडून पाणी काढायचे असते. बऱ्याच दुकानांत तो कॉक रंगाखाली गाडला गेलेला दिसतो.

दाबाच्या भांड्यांचे कायदे जगभर माणसे मेल्यावरच झाले आहेत. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालने बॉयलर तपासणीचा कायदा केला. मग प्रांतोप्रांती वेगवेगळे कायदे झाले. ते एकत्र करणारा भारतीय बॉयलर कायदा १९२३ चा. त्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. अमेरिकेत २० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी ग्रोव्हर कंपनीच्या बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटला. तो जमिनीवरून उचलला जाऊन मजले फोडत छताबाहेर गेला, इमारत कोसळली, आग लागली आणि ५८ जण मेले. या धक्क्यातून अमेरिकन यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एएसएमईने, बॉयलरची संहिता तयार केली. तीच संहिता पुढे वाढत गेली आणि आज पवईच्या मोठ्या कारखान्यांपासून जोगेश्वरीच्या गाळ्यापर्यंत कुठेही भांडे बनवताना तिचा हवाला दिला जातो.

या संहितेनुसार भांड्याची चाचणी पाण्याने करायची असेल तर कामाच्या दाबाच्या साधारण १.३ पट दाब देतात. हवेने करायची असेल तर १.१ पटच. हवेवर विश्वास किती कमी आहे, हे या दोन आकड्यांतच दिसते. शिवाय हवेचा दाब एकदम चढवायचा नाही. निम्म्यापर्यंत जायचे, थांबायचे, मग एक-दशांशाच्या टप्प्यांनी पुढे. भांड्याच्या आकारामुळे, आधारामुळे पाण्याचे वजन पेलणारच नसेल, किंवा आत ओल राहिलेली चालणारच नसेल, अशाच वेळी हवेकडे वळायचे असते. 'पाणी सोडायला जागा नाही' हे कारण त्या यादीत बसत नाही.

हवेने चाचणी करताना माणसांनी किती दूर थांबायचे, याचाही हिशोब एएसएमईने दिला आहे. साठलेल्या ऊर्जेवर तो ठरतो आणि सगळ्यात खालच्या वर्गालाही किमान अंतर ३० मीटर आहे. जोगेश्वरीतला साधा गाळा टोकापासून टोकापर्यंत दहा-बारा मीटर भरला तर भाग्य! बाहेर पॅसेज, पलीकडे दुसऱ्याचा गाळा, खाली चहावाला. तीस मीटर मोकळी जागा या उपनगरात मैदानावर मिळते, कारखान्यात नाही. म्हणजे या वस्तीत उघड्यावर हवेने दाबचाचणी करायला नियमातच जागा नाही, असे म्हणायला हरकत नाही.

मोठ्या प्रकल्पांतही घात होतो. फेब्रुवारी २००९ मध्ये शांघायजवळच्या यांगशान इथे द्रवरूप नैसर्गिक वायूच्या टर्मिनलची पाइपलाइन वायूचा दाब देऊन तपासली जात होती. दाब ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचण्याआधीच पाइप फुटला. एक कामगार ठार झाला, डझनाहून जास्त जखमी झाले. तिथे तज्ज्ञांची, पैशांची, जागेची वाण नव्हती.

मग पाणी भरले की निर्धास्त व्हायचे का? इथे एक जुनी घटना आठवण्यासारखी आहे. डिसेंबर १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन थॉम्पसन कंपनीच्या कारखान्यात अमोनिया प्रकल्पासाठी बनवलेल्या एका प्रचंड भांड्याची पाण्याने चाचणी चालू होती. भांडे १६ मीटर लांब, भिंत जवळपास १५ सेंटीमीटर जाड. दाब चढत असताना ते एका टोकाला फुटले आणि सुमारे दोन टनांचा तुकडा कार्यशाळेची भिंत फोडून ४६ मीटर लांब जाऊन पडला. वेल्डच्या कडेला बारीक भेगा राहिल्या होत्या, वेल्डनंतर जी उष्णता देऊन ताण काढायचा असतो ती पुरेशी दिली गेली नव्हती, आणि थंडीच्या दिवसांत जाड पोलाद ठिसूळपणे वागते. पाण्यात ऊर्जा कमी साठते हे खरे, पण एवढे पोलाद ताणले गेले की ऊर्जा पोलादातही साठते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत २६० इंच व्यासाच्या रॉकेट मोटरचे कवच पाण्याच्या चाचणीत ठरलेल्या दाबाच्या पाऊण भागाच्याही आत असतानाच फुटले. तिथेही वेल्डमधले दोष तपासणीतून निसटलेले. मुंबईच्या हवेत पोलाद गारठण्याची भीती नाही. वेल्डच्या भेगा मात्र हवामान बघून पडत नाहीत, त्यामुळे क्ष-किरण किंवा अल्ट्रासाउंडने वेल्ड तपासून झाल्यावरच दाब द्यायचा, हा क्रम इथेही तोच.

पाण्याच्या चाचणीत सर्वाधिक दगा देते ती राहून गेलेली हवा. पाणी खालून भरायचे आणि सगळ्यात उंच जागेचा व्हेंट उघडा ठेवायचा. आधी फुसफुस होते, मग पाणी आणि बुडबुडे एकत्र उडतात, मग अखंड धार येते. ही धार स्थिर होईपर्यंत व्हेंट बंद करायचा नाही. घाईत हेच चुकते. वर हवेचा कप्पा राहिला तर कागदावर 'हायड्रो' असते आणि भांड्यात अर्धी हवेची चाचणी चाललेली असते. अनुभवी फिटरला ते पंपाच्या दांड्यावरून कळते. भांडे पुरते भरलेले असेल तर हातपंपाच्या थोड्याच फटक्यांत काटा झरझर वर जातो. पंप मारत राहिले आणि काटा आळसावल्यासारखा चढत असेल, तर थांबून हवा काढावी.

आता माणसे कुठे उभी राहतात ते बघू. सहा इंची पाइपच्या तोंडावर बसवलेल्या ब्लाइंड फ्लँजवर दहा किलोच्या दाबाला पावणेदोन टन जोर येतो. ३५ किलोला तो सहा टनांवर जातो. ती चकती आठ बोल्टांच्या भरवशावर असते. एका इंचाच्या साध्या बुचावर शंभर किलोला पाचशे किलोचा रेटा असतो, आणि त्याचे आटे झिजलेले असतील तर ते बूच कुठे जाईल हे त्याच्या समोर उभ्या असलेल्याला विचारायला नंतर संधी मिळत नाही. म्हणून फ्लँज, बूच, व्हॉल्व्हचा दांडा यांच्या सरळ रेषेत कुणी थांबायचे नाही, बाजूला थांबायचे. गेजच्या काचेसमोर चेहरा न्यायचा नाही. चांगल्या गेजला पुढे भक्कम पडदा आणि मागे सैल झाकण असते, म्हणजे आतली नळी फुटली तर मार मागच्या बाजूने निघून जातो. असे गेज थोडे महाग पडते म्हणून साधे आणतात; ही काटकसर चुकीच्या जागी आहे.

गेज दोन हवेत आणि दोन्ही तपासून प्रमाणित केलेली. त्यांचा पल्ला चाचणीच्या दाबाच्या दुपटीच्या आसपास असावा. वीस किलोची चाचणी शंभर किलोच्या गेजवर केली तर काटा कोपऱ्यातच हलतो आणि दोन-चार किलोचा फरक डोळ्यांना कळत नाही. पंपाच्या बाजूला ठरलेल्या दाबाला उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह हवाच, कारण पंप चालू ठेवून फोन घ्यायला जाणारा माणूस प्रत्येक कारखान्यात असतो.

सगळ्यात जास्त जपायचा क्षण म्हणजे गळती दिसल्याचा. जोडातून पाण्याचा थेंब डोकावतो, बाहेर टेम्पो उभा असतो, तपासणी अधिकारी घड्याळ बघत असतो. हेल्पर पाना घेऊन पुढे होतो आणि दाब असतानाच बोल्ट आवळायला लागतो. आधीच ताणलेला बोल्ट त्या शेवटच्या पीळाने तुटतो. काही जुन्या हातांना दाबाखालच्या वेल्डवर हातोडीने ठोकून आवाज ऐकायची सवय असते. तीही तितकीच वाईट. बरोबर रीत कंटाळवाणी आहे: दाब शून्यावर आणा, व्हेंट उघडून तो खरोखर शून्य आहे याची खात्री करा, बोल्ट आवळा, पुन्हा पहिल्यापासून चढवा. यात अर्धा तास जातो. दाब चढत असताना भांड्याजवळ कुणी जायचे नाही आणि जवळून पाहणी करायची ती दाब चाचणीच्या आकड्यावरून खाली उतरवल्यावरच.

बारीक गळती हाताने चाचपणे, हा आणखी एक जीवघेणा प्रकार. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून मोठ्या दाबाने निघालेली पाण्याची किंवा तेलाची धार कातडीतून आत शिरते. बोटावर एक ठिपका दिसतो, दुखतही फार नाही, आणि कामगार फडके बांधून कामाला लागतो. आत मात्र ते तेल स्नायूंच्या पदरांतून पसरत जाते आणि काही तासांत बोट, कधी हात, गमवायची वेळ येते. अशी इजा झाली की वाट न बघता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जायचे. जोगेश्वरीकरांना द्रुतगती मार्गावरचे बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा केअर रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. डॉक्टरांना 'खरचटले' असे न सांगता 'दाबाच्या धारेने तेल आत गेले' असे स्पष्ट सांगायचे.

चाचणी पार पडली म्हणजे धोका संपला असेही नाही. पाणी सोडताना वरचा व्हेंट उघडायला विसरले तर आत निर्वात होऊन पातळ पत्र्याची टाकी बाहेरच्या हवेच्या दाबाने आत चेपते. आणि भरलेले, बंद केलेले भांडे मे महिन्याच्या उन्हात जेवणाच्या सुट्टीत तसेच सोडले, तर पाणी तापून पसरते आणि तापमानाच्या दर अंशाला दाब कित्येक किलोंनी वाढू शकतो. जेवून येईपर्यंत गेजचा काटा लाल रेषेपलीकडे गेलेला असतो.

वायूशिवाय गत्यंतरच नाही असे एक काम मुंबईत घरोघर चालते: एअर कंडिशनर. त्याच्या तांब्याच्या नळ्यांत पाणी चालत नाही, म्हणून कोरडा नायट्रोजन भरून, आधुनिक यंत्रांत ४० किलोच्या आसपास दाब देऊन, गळती बघतात. इथे भीती वेगळी आहे. नायट्रोजनऐवजी हाताशी असलेला ऑक्सिजन वापरला, तर कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी त्याची गाठ पडून स्फोट होतो. आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि मान पांढरी, नायट्रोजनचा करडा आणि मान काळी. रंग उडालेला किंवा संशयास्पद सिलिंडर परत पाठवावा. दुसरी गोष्ट रेग्युलेटरची. भरलेल्या नायट्रोजन सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो. रेग्युलेटरशिवाय तो सरळ यंत्राला जोडणे म्हणजे यंत्राच्या ताकदीच्या कितीतरी पट दाब एका झटक्यात आत सोडणे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अलिबागजवळच्या थळ येथील आरसीएफच्या खत कारखान्यात वातानुकूलन यंत्रणा बसवण्याचे काम चालू असताना स्फोट होऊन तीन जणांचा जीव गेला. एसी बसवण्याला आपण किरकोळ काम समजतो, म्हणून ही नोंद.

राहिला कायदा. १९४८ च्या कारखाना कायद्यात दाबाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र कलम, ३१ क्रमांकाचे, होते. राज्याच्या नियमांनुसार अशा भांड्यांची ठरावीक मुदतीने सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घ्यावी लागते, आणि देखरेख औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असते. शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथे सुरक्षेचे प्रशिक्षण मिळते. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली ४ मार्चला स्थापन झाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या आठवड्यात कारखान्यांच्या फाटकांवर फलक लागतात, शपथा घेतल्या जातात. पण वीज वापरणारी जागा 'कारखाना' ठरण्यासाठी पूर्वी दहा कामगार पुरत, ती मर्यादा महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने वीसवर नेली. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नव्या संहितेतही आकडा वीसच आहे. जोगेश्वरीतल्या कितीतरी गाळ्यांत आठ-दहा माणसे काम करतात. दाब त्यांच्याकडेही तोच असतो. तपासनीस मात्र त्यांच्या दारात यायचे कारण उरत नाही. लहान उद्योगाला कागदपत्रांचा जाच कमी व्हावा, हा हेतू असेल. दाबाच्या भांड्यांना मात्र ही सूट द्यायला नको होती. रिक्षाच्या सिलिंडरला वेगळा नियम आहे आणि पंपावरचा माणूस तो पाळून घेतो, त्यामुळे तिथे शिस्त टिकली. गाळ्यातल्या टाकीपाशी असा कुणी उभा नाही.

कायदा बदलेपर्यंत ही जागा गिऱ्हाईकाने घ्यावी. टाकी, व्हॉल्व्ह किंवा पाइपचे काम देणाऱ्या कंपनीने, सोसायटीने, कंत्राटदाराने ऑर्डरमध्येच 'चाचणी पाण्याने' असे लिहावे, प्रमाणपत्रावर गेजचा क्रमांक आणि तपासणीची तारीख मागावी, आणि त्या चाचणीला लागणारा जास्तीचा एक दिवस व त्याचे पैसे गाळेवाल्याला द्यावेत.